ज्या नावाला हाक नाही

कोइंबतूर
५ जानेवारी २०२५

ती. आजीस,
रम्याचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

सुखरूप पोचले. रणवीर आणि त्याचा नाशिकचा मित्र क्षितिज काल दुपारच्या गाडीने चेन्नईला निघाले. हे पत्र मिळेपर्यंत रणवीरने तुझ्या हातचं खाता खाता अर्धा डोंगर सांगितलाही असेल. उरलेला मी सांगते. फोन तू दोन वाक्यांत ठेवतेस आणि वर म्हणतेस की पत्र लिही, नाहीतर तुझं मराठी तमिळच्या पोटात जाईल.

घाटात क्षितिजचं पोट बिघडलं. प्रत्येक वळणावर गाडी थांबवायला लावून तो नाशिकच्या रस्त्यांची स्तुती करत होता. अंबत्तूरच्या कारखान्यात तो ब्रेक तपासतो. रणवीर त्याला म्हणाला, आज ब्रेक तुला तपासताहेत.

रिसॉर्टच्या वर एक वस्ती आहे. तिथले लोक पूर्वी कशावर जगत ते कळलं नाही. आता पाहुण्यांवर जगतात. बायकांच्या छातीवर नावाच्या पट्ट्या आहेत: लिली, रोझ, डेझी. वस्तीलाही रिसॉर्टने एक इंग्रजी नाव दिलं आहे. खरी नावं विचारली की त्या हसतात आणि मध दाखवतात. पाहुणे दिसले की नाचणाऱ्या मुली स्वेटर काढून भिंतीमागे ठेवतात, आणि नाच संपला की धावत जाऊन पुन्हा घालतात.

चहानंतर एक म्हातारी गाते. लिली म्हणजे तीच. वस्तीत कुणी गेलं की त्याचं नाव मागे राहू नये म्हणून ते एका डोंगरावरून दुसऱ्या डोंगराकडे गाऊन पाठवतात. पाहुण्यांपुढे मेलेल्या माणसाचं नाव घ्यायचं नाही, म्हणून रिसॉर्टच्या एका मोडक्या जीपचं नाव घेऊन गातात. पण गाइड म्हणाला, यंदा पाहुण्यांना व्हिडिओत आपलंच नाव हवं असतं. म्हातारी नको म्हणत होती. दोघांची बरीच हुज्जत झाली. शेवटी ती काहीतरी बोलली आणि गाइडने आम्हाला तमिळमध्ये सांगितलं की कुणी वापरत नाही असं एखादं नाव द्या.

रणवीर म्हणाला, आपल्याकडे आहे, अगदी कोरं. जनकोजी. (आजी, तुझ्यापुढे लिहिते आहे. लिहिलेलं चालतं ना?)

तो खोटं बोलला नाही. आपल्याकडे एक पिढी सोडून एक जनकोजी, आजोबांचं नाव नातवाला, म्हणजे तातांचं रणवीरला. सून सासऱ्याचं नाव घेत नाही, बायको नवऱ्याचं, म्हणून आई आणि तू त्याला बारशापासून रणवीर म्हणत आलात. ते नाव आहे फक्त त्याच्या आधारकार्डावर आणि इरुंगाट्टुकोट्टैच्या कारखान्याच्या गेटपासावर. तातांना तर गल्लीतला भाजीवालादेखील ताताच म्हणतो.

म्हातारीने ते नाव दोनदा जिभेवर फिरवलं. मग गायली. साथीला काही नव्हतं. शेवटी समोरच्या डोंगराकडे तोंड करून तिने ते टाकलं. प्रतिध्वनी आला नाही. जीपच्या नावाचा येतो म्हणे, आणि तोच ऐकायला आम्हाला तिथे उभं केलं होतं. गाइड ओशाळला आणि त्याने हवेला दोष दिला.

उद्यापासून पुन्हा कॉलेज आणि पोरांचे पेपर. तातांना नमस्कार. मोरावळा संपला आहे, हे सहज लिहिते.

माया आहे तशीच ठेव.
तुझी रम्या


मैलापूर
१३ जानेवारी २०२५

चि. रम्येस सकवारबाईचे अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पोचले. सहज लिहिलेला मोरावळा बालाजीरावांच्या सुनेबरोबर पाठविला आहे. लिहिलेले चालते. मी तेही करीत नाही. आज इथली भोगी, जुने जाळायचा दिवस. गल्लीत पहाटेपासून जुन्या चटया जळताहेत आणि माझे डोळे चुरचुरताहेत, म्हणून अक्षर असे.

तुझ्या तातांविषयी लिहायचे आहे. फोन त्यांच्या उशाशी असतो, तिथे बोलता येत नाही. तुम्ही डोंगरावरून आलात त्या आठवड्यापासून हे सकाळची कॉफी अर्धी ठेवून गॅलरीत जातात आणि कोण हाक मारते म्हणून विचारतात. मला वाटले मार्गळी महिन्याची पहाटेची भजने असतील. देवळाभोवतीच्या माड वीथीतून मंडळी जातात. हे म्हणाले, भजनात माझे नाव कशाला येईल, मी काय देव आहे? मी म्हटले, ते मला लग्नापासून ठाऊक आहे. हसले. पण गेलेच.

ह्यांना नावाने हाक मारणारे कुणी उरले नाही, रम्ये. शेवटचे ह्यांचे जुने स्नेही राणोजी होते, तेही गेले. हे म्हणतात आवाज राणोजींचा नव्हे, बाईचा आहे. आधी देवळाच्या तळ्यापलीकडून येई, मग स्टेशनाकडून, आता त्याच्याही पुढून. हाक लांब जाते तसे हेही पुढे जातात. परवा तिरुमयिलै स्टेशनाच्या जिन्यावर सापडले. पायात चप्पल नव्हती. ओळखीच्या फुलवालीने हात धरून ठेवला होता. तिला सांगत होते की सोड, उशीर होतो आहे, पुढे मंडळी थांबली आहेत. कोण मंडळी, ते त्यांना सांगता येईना.

रणवीरचे निराळेच. कारखान्यात पाळीच्या सुरुवातीला नावे पुकारतात. त्याला त्याचे नाव ऐकू येत नाही. बाकीची सगळ्यांची येतात. शेजारचा कोपराने ढोसतो तेव्हा हा हात वर करतो. कानाच्या डॉक्टरने कान स्वच्छ असल्याचे सांगितले आणि लग्न ठरले आहे का ते विचारले.

मी त्याला डोंगराविषयी विचारले तर पानावरून उठला. म्हणून तुला लिहिते. ज्या बाईला तुम्ही नाव दिलेत तिने त्याचे काय केले, ते जाऊन विचार. भोपाळला तुझ्या आईबाबांना कळविलेले नाही. मी हल्ली दाराला आतून कुलूप लावून स्वयंपाक करते. किल्ली कमरेला. ह्यांना कोंडून ठेवायची वेळ कधी आली नव्हती. मला हे घरात हवे आहेत. दुसरे काही मागणे नाही.

लोभ आहेच, तो पत्रातून मागायला नको.
तुझी आजी


कोइंबतूर
१९ जानेवारी २०२५

ती. आजीस,
साष्टांग नमस्कार. वि. वि.

काल वर जाऊन आले. क्षितिज चेन्नईहून यायला तयार होता, मीच नको म्हटलं. त्याच्या पोटाचा भरवसा नाही.

म्हातारी मधाच्या टपरीवर बसली होती, लिलीची पट्टी लावून, नातीच्या फोनवर मालिका बघत. मला तिने ओळखलं. नातीला तमिळ येतं, त्यामुळे या वेळी गाइड मध्ये नव्हता. तेव्हा कळलं की म्हातारी त्या दिवशी म्हणाली होती, ज्याच्यामागे माणूस नाही असं नाव द्या. गाइडने आम्हाला सांगितलं, कुणी वापरत नाही असं. त्याला दोन्ही एकच वाटलं. रणवीरलाही वाटलं.

मी सांगितलं की त्या नावामागे दोन माणसं आहेत. तिने मालिका बंद केली.

मग ती चिडली. म्हणाली, तुम्ही कसली माणसं, नाव ठेवता आणि हाक मारत नाही? जीपचं नाव ड्रायव्हर दिवसभर शिव्या देत घेतो, म्हणून ते जड आहे; टाकलं की पुढ्यातच आदळतं. तुमच्या नावाला वजनच नव्हतं. ते गेलं. अजून जात असेल.

परत कसं आणायचं ते तिला माहीत नाही. त्यांच्यात कुणी नाव परत मागितलेलंच नाही. घरातल्याने हाक मारून बघावी, असं तिला वाटतं. ज्याच्या हाकेला माणूस जेवता जेवता उठतो, अशाने. पण काय परत येईल हे ती सांगू शकत नाही. तिने आजवर पाठवलंच आहे, बोलावलं कधी नाही. मी निघाले तशी नात मागोमाग आली. मॅनेजरला सांगू नका म्हणाली, आजीचं काम जाईल.

खाली आल्यावर मी फोनवर रणवीरला त्या नावाने हाक मारली. तो म्हणाला, आवाज तुटतो आहे. तातांना मी जन्मभर ताता म्हटलं. माझ्या तोंडून ते नाव त्यांना कुणा परक्याचं वाटेल. ते उठतात तुझ्या हाकेला, आजी. पण 'अहो' पुरणार नाही असं वाटतं.

रागावू नकोस. माया पातळ होऊ देऊ नकोस.
रम्या


मैलापूर
२४ जानेवारी २०२५

चि. रम्ये, आशीर्वाद.

तोंडात येत नाही. न्हाणीघरात नळ सोडून प्रयत्न केला. जीभ टाळूला लागते आणि बाहेर पडते ते 'अहो'च. वरच्या मजल्यावरच्या कुमुदिनीला सगळे सांगितले. ती पुण्याची. तिच्याकडे बायका उखाण्यात नवऱ्याचे नाव घेतात म्हणे. तिने मला उखाणा रचून दिला, त्यात लाडू आहे आणि लोणचेही आहे. आम्ही दोघी पोट धरून हसलो, आणि मग मला रडू आले.

ह्यांनी पिशवी भरली आहे. पंचा, कॉफीचा पेला आणि चष्म्याची रिकामी डबी. हाक आता फार बारीक येते, म्हणतात; आज-उद्या निघाले नाही तर चुकेल.

आजी


मैलापूर
३ फेब्रुवारी २०२५

चि. रम्येस सकवारबाईचे अनेक आशीर्वाद.

हाक मारली.

गुरुवारी सकाळी कुमुदिनी कढीलिंब द्यायला आली. मी कुलूप काढले आणि रसमची फोडणी जळते म्हणून आत धावले. तेवढ्यात हे पिशवी घेऊन निघाले. मी बाहेर आले तेव्हा जिन्याच्या वळणावर होते. 'अहो' म्हटले. थांबले नाहीत. पुन्हा म्हटले. सगळ्या संसारात 'अहो' पहिल्यांदा फुकट गेले. मग मी नाव घेतले. कसे घेतले ते मला सांगता येणार नाही. खालच्या शिंप्याने मशीन थांबविली.

हे वळले. म्हणाले, ओ, आहे ना इथेच, ओरडतेस कशाला? रणवीरची त्या दिवशी दुसरी पाळी होती. त्यानेही न्हाणीघरातून ओ दिली. त्याला ऐकू आले, रम्ये. आणि तेव्हा आणखी एक ओ आली. जिन्याच्या खालून. जरा लांबविलेली, जुनी माणसे देतात तशी.

मग पावले वर आली. हे भिंतीला चिकटून बाजूला झाले आणि वाट दिली. कुमुदिनी म्हणते तिला काही दिसले नाही, ऐकूही आले नाही. पण तिने ओढणी सारखी केली आणि मान खाली घातली, ते मी पाहिले.

आता सगळे ठीक आहे. हे कॉफी पूर्ण पितात. गॅलरीत जात नाहीत. रणवीर हजेरीला आपण होऊन हात वर करतो. तू काळजी करू नकोस.

फक्त हे आपल्या आरामखुर्चीवर बसत नाहीत. तिच्या बाजूला उभे राहून पेपर वाचतात. बसा म्हटले तर डोळ्यांनी दटावतात. मीही तिकडे पाठ करीत नाही. या वयात पुन्हा सून झाले आहे. पहिले पान तिकडे वाढते. अन्न जसेच्या तसे राहते, पण नंतर खाल्ले तर त्याला मीठदेखील लागत नाही. रणवीर त्याला हात लावीत नाही. हे मुकाट्याने खातात.

कोण, ते मला विचारू नकोस. ह्यांचे आजोबा असतील, किंवा त्यांचे आजोबा. थेट तंजावरपर्यंत एक पिढी सोडून सगळे त्याच नावाचे. मी नुसते नाव घेतले. कुणाचे, ते सांगायचे राहिले.

कुमुदिनी म्हणते, त्या डोंगरावरच्या बाईला बोलावा आणि त्यांना पाठवून द्या. पाठवायचे कसे? नाव घेऊनच ना? मग हे आणि रणवीर घरात कसे राहतील? तेव्हा तू त्या बाईकडे पुन्हा जाऊ नकोस. मला जे हवे होते ते घरात आहे.

काल दिवेलागणीला जिन्याखालून पुन्हा ओ आली. आज सकाळी आणखी एक, फार क्षीण. मी त्यानंतर नाव घेतलेले नाही. तीच एक हाक अजून पुढे जाते आहे. लांबच्यांना ती उशिरा पोचते.

तू येशील तेव्हा आधी कळव. हॉलमध्ये आता झोपायला जागा नाही. तुझे अंथरूण स्वयंपाकघरात माझ्याजवळ घालीन. आत येताना वाकून ये.

घरातल्या सर्व वडील मंडळींचे तुला आशीर्वाद आहेत.

तुझी आजी
सकवारबाई