पूर्ण वेगावर

होसकोटे, १२ नोव्हेंबर २०२५

प्रिय योगीदादा,

नमस्कार. पुण्याला सुखरूप पोचलास, हे ग्राहकाच्या ऑफिसातून कळलं. माझे फोन तू उचलत नाहीस, म्हणून हा मेल. के. आर. पुरमला घरी सगळे बरे आहेत. आई तुझ्या जेवणाची काळजी करते. वर्कशॉप बंद आहे. फिटर मल्लाप्पाअण्णा रजेवर आहेत.

तू नेलेल्या ब्लोअरमध्ये कुठलं बेअरिंग आहे, ते मला काल कळलं. वर्षभर राबून मी केलेले बेअरिंगचे सुटे पॅड कपाटात तसेच गुंडाळलेले, आणि आत बसवलंस जुनं गोल बुश! का, तर तारीख गाठायची होती. अरे, इंजिनिअर ना तू? गोल बुशमध्ये वेग वाढला की तेलाचा थरच शाफ्टला ढकलत गरगर फिरवायला लागतो, हे तुला मी सांगायचं? पॅड सुटे, आपापले कलणारे असले की ती ढकल उभीच राहत नाही. त्यासाठीच तर केला होता ना सगळा खटाटोप?

आणि तू काय केलंस? अर्ध्या वेगावर मशीन चालवून वर रुपयाचं नाणं उभं केलंस. आपल्या धंद्यातली जुनी ऐट. नाणं पडलं नाही, म्हणजे मशीन थरथरत नाही; ग्राहक खूश. अर्ध्या वेगावर कुठलंही बुश शहाण्यासारखंच वागतं.

वर रजेचं मी खोटं लिहिलं. मल्लाप्पाअण्णा इस्पितळात आहेत. सोमवारी मी मारतहळ्ळीला गेले होते, तेव्हा तू त्यांना फोन करून इथल्या जोडीच्या मशीनचा पूर्ण वेगाचा व्हिडिओ मागितलास. वर, कंपन वाढलं की मशीन बंद पाडणारी ट्रिप काढून ठेवायला सांगितलीस. तू सांगितलंस म्हणून त्यांनी काढली. शाफ्ट थडथडला, तेलाची नळी तुटली आणि कढत तेल त्यांच्या उजव्या हातावर आलं. बोटं पुन्हा वळतील की नाही, डॉक्टर सांगत नाहीत. काल मशीन उघडलं, तर आत गोल बुश.

मला म्हणाले, "अक्का, स्वल्पच भाजलंय बघा. योगीला काही बोलू नका." तुझी इतकी चीड आली की तिथे उभं राहवेना.

उद्या तू पुण्याचं मशीन पूर्ण वेगावर नेणार होतास. ते होणार नाही. ग्राहकाला मी सकाळीच सगळं कळवलंय, फोटोंसकट. तुला विचारलं नाही. ऑर्डर जाईल, जाऊ दे. त्या मशीनशेजारीही कुणीतरी उभं असणार.

परत आलास की आधी इस्पितळात जा. तू येऊन गेलास, हे मल्लाप्पाअण्णांच्या तोंडून ऐकल्याशिवाय मी घराचं दार उघडणार नाही.

तुझी सख्खी बहीण,
आश्लेषा