विहिणीच्या नाकावर टिच्चून नऊ तास गप्प

३ फेब्रुवारी, सोमवार

तर सगळ्यात आधी टपकली ती विहीण. बोलावणं अकराचं, ही पावणेअकराला हजर, माझ्याच सोफ्यावर, माझीच उशी पाठीला लावून. मग खालच्या मजल्यावरचा दातांचा डॉक्टर आला. शेवटी फंडाच्या बाई, काखेत ही जाडजूड फाइल. आम्ही त्यांना फाइलबाईच म्हणतो. मीटिंग माझ्या घरी, चहा माझा, बिस्किटं माझी, आणि फाइलबाई बोलतात कोणाशी? विहिणीशी.

विषय असा, की आमची नात, म्हणजे माझ्या लेकीची लेक आणि विहिणीच्या मुलाची (हेही लिहायला हवं, नाइलाज आहे), परदेशात कॅन्सरवर संशोधन करते. मोठी लॅब आहे. लेक-जावईही तिकडेच असतात. त्या लॅबसाठी आमच्या भागातून फंड जमवायचाय. रीत अशी, की प्रत्येकाने काहीतरी अवघड करून दाखवायचं, आणि ओळखीच्यांनी कार्डावर लिहून द्यायचं, तासाला इतके, फेरीला इतके. २ मार्चला नात आणि तिची लॅबमधली मोठी बाई येणार. सकाळी विमानाने यायचं, संध्याकाळी परत. ज्याचा फंड सगळ्यात जास्त, त्याच्या घरी जेवण. पोरीला बघून दोन वर्षं झाली. तेव्हा जेवण माझ्याच घरी, ह्यात विचारायचं काय?

विहीण बागेला पंचवीस फेऱ्या मारणार म्हणे. त्या गुडघ्यांनी! मग फाइलबाईंनी मला विचारलं. मी तोंड उघडायच्या आत हीच म्हणते, विहीणबाईंना काहीही सांगा हो, फक्त गप्प बसायला सांगू नका, तेवढं एक ह्या जन्मात जमायचं नाही त्यांना. डॉक्टर हसला. माझा मुलगा हसला. हे सुद्धा हसले, आणि ह्यांना एरवी कानात मशीन घालूनही काही ऐकू येत नाही.

म्हटलं, लिहा. रविवार, सोळा तारीख, सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा. एक शब्द काढणार नाही.

हिचं नाक ठेचलं नाही तर नाव लावणार नाही.

५ फेब्रुवारी

कार्ड दोन दिवसांत भरलं! दुसरं मागवलं. लोकांचं माझ्यावर इतकं प्रेम आहे हे मला माहीत नव्हतं, म्हणजे माहीत होतं, पण इतकं? डॉक्टरने तर तासाला एवढी रक्कम लिहिली की मी दोनदा वाचली. वर म्हणाला, आजी, रविवारऐवजी कामाच्या दिवशी ठेवा ना, दवाखाना चालू असतो तेव्हा, दुप्पट देतो. संशोधनाची कदर आहे माणसाला. शेवटी शिकलेला.

सूनबाईने स्वतःच्या पगारातून लिहिले. मुलाने पेपरातून डोकं वर न काढता, ती लिहील तेवढेच माझेही लिही म्हणून सांगितलं. आणि ह्यांनी! पेन्शनीतून! बावन्न वर्षांच्या संसारात ह्यांनी माझ्यासाठी एवढा हात सैल सोडल्याचं आठवत नाही. डोळ्यांत पाणी आलं. तासभर बोलत बसले ह्यांच्याशी त्यावर.

९ फेब्रुवारी, रविवार

बागेत जाऊन बघून आले. विहीण सराव करते. अकराव्या फेरीला बाकावर बसली आणि गुडघा चोळला. वाईट चिंतू नये कोणाचं. पण गुडघा तिचा, मी काय करणार.

मीही सराव करायचं ठरवलंय. रोज दुपारी एक तास. उद्यापासून.

१० फेब्रुवारी

आज जमलं नाही. इस्त्रीवाला आला होता, त्याच्या मेव्हण्याचं लग्न मोडलंय.

११ फेब्रुवारी

वीस मिनिटं. त्यानंतर लेकीचा फोन. फोन धरायचा नाही असं काही नियमात नाही.

१३ फेब्रुवारी

सराव बंद. खरा गाणारा मैफलीच्या आधी गळा राखून ठेवतो. तसंच हे.

विहिणीनेही माझ्या कार्डावर सही केली. पहिल्या तासाला थोडे, मग वाढत वाढत, नवव्या तासाला डॉक्टरपेक्षाही जास्त! सूनबाई म्हणाली, आई, त्यांना खात्री आहे की नववा तास येणारच नाही. तसं नाही हो. घाबरली ती. मिटवायला बघते. मी मिटवणार नाही. जेवायला मात्र तिला बोलावणार, आणि दाराजवळच्या डुगडुगत्या खुर्चीवर बसवणार. नात माझ्या शेजारी, मोठी बाई समोर, विहीण डुगडुगतेय. ठरलं.

१६ फेब्रुवारी, रविवार. तोच दिवस

९.००. सुरू. फाइलबाई समोर घड्याळ घेऊन बसल्यात. लिहिलेलं चालतं, विचारून घेतलं कालच.

९.१०. काही अवघड नाही.

९.१५. घर किती शांत वाटतं. मुलगा सूनबाईला म्हणाला, बघ, फ्रिजचा आवाज येतो आपल्याकडे.

९.४०. हे चष्मा शोधतायत. चष्मा कपाळावर. सगळ्या घराला विचारून झालं. मी खूण केली तर मलाच हात करून हसले. पुन्हा शोधतायत.

१०.००. एक तास! खालून डॉक्टर वर येऊन बघून गेला, खरंच का म्हणून. जाताना जिन्यात शीळ घालत गेला.

१०.२०. सूनबाईने आमटीत मीठ दुसऱ्यांदा घातलं. मी बघितलं. बोलले नाही. कॅन्सरसाठी माणूस काय काय सोसतो.

१०.३५. हे खुर्चीत झोपलेत. तोंडावर हसू. इतके सुखी कधी दिसले नव्हते. माझा अभिमान वाटतो ह्यांना.

११.००. दोन तास. सात राहिले. विहीण, आता तुझं कसं होणार?

११.०५. विहीण आली. बागेत जायच्या आधी मला शुभेच्छा द्यायला म्हणे. बूट घालून सरळ आत. फाइलबाईंशेजारी बसली.

११.१२. नातीच्या लहानपणाच्या गोष्टी सांगतेय. सांगू दे.

११.१६. म्हणते, पोरीने पहिलं पाऊल माझ्याच घरात टाकलं, माझ्या दिवाणखान्यात, माझं बोट धरून. माझ्याकडे बघून हसतेय. खोटं! साफ खोटं! माझ्या स्वयंपाकघरात, टेबलाचा पाय सोडून, ओगराळ्याकडे

१७ फेब्रुवारी

काल पुढे लिहायला वेळ झाला नाही. बोलत होते. दीडपर्यंत बोलले. सगळं सांगितलं फाइलबाईंना, पहिलं पाऊल, पहिला दात, विहिणीने बारशाला दिलेलं झबलं कसं एका धुण्यात विटलं, सगळं. फाइलबाईंनी फक्त एक ओळ लिहिली. पुरे झालेले तास, दोन.

मी त्यांना आज फोन करून समजावलं, की ते बोलणं नव्हतंच, ती चूकदुरुस्ती होती. कोणीतरी खोटं बोललं तर खरं सांगणं हे बोलण्यात धरतात का? त्या म्हणाल्या, हो आजी, धरतात.

विहिणीने पंचवीस फेऱ्या मारल्या. शेवटच्या दोन लंगडत. लंगडलेल्या फेऱ्या अर्ध्या धराव्यात, असं मी सुचवलं. फोन ठेवला त्यांनी.

ह्यांचे पैसे वाचले खरे, पण माणूस हिरमुसलाय. कालपासून मशीन कानातून काढूनच ठेवलंय.

२० फेब्रुवारी

विहीण पहिली. जेवण तिच्याकडे. आम्हालाही आमंत्रण आहे, स्वतः सांगायला आली, आणि म्हणाली, विहीणबाई, या हं नक्की, गप्पा मारू.

गप्पा काय!

आता माझंही ठरलं. तिच्या घरात पाऊल टाकल्यापासून निघेपर्यंत एक अक्षर बोलणार नाही. लॅबच्या मोठ्या बाईसमोर अब्रू जाईल तिची. सगळे म्हणतील, हिने विहिणीला असं काय दुखावलं असेल? सूनबाई म्हणाली, आई, नात एका दिवसासाठी येतेय हो. त्याचाही विचार केलाय. जेवण झालं की पोर मला घरी सोडायला येईलच, दोन तर गल्ल्या. हळूहळू चालायचं. तेव्हा सगळं बोलायचं. ती वाळलेली का दिसते फोनवर, तिकडे सोबत कोणी आहे का, आणि ते पहिल्या पावलाचं खरं काय ते.

२ मार्च, रविवार

जमलं! बारा ते चार. चार तास, एक शब्द नाही. फाइलबाई पण होत्या तिथे, त्यांच्या तोंडाचा आ झाला. म्हणाल्या, आजी, हे कार्डावर धरता आलं असतं तर!

पोर आली ती थेट माझ्या गळ्यातच पडली. उंच झाली की काय, की मीच खचले. केस कापलेत. शेजारीच बसली, हात हातात घेऊन. आजी, बोल ना, म्हणाली. मी ओठ मिटून हसले. घसा दुखतो का म्हणाली. मोठ्या बाईंनी मोबाइलचा उजेड घशात पाडून बघितलं, त्या तसल्या डॉक्टर नाहीत तरीही. विहीण म्हणाली, मौनाची गोडी लागली आहे त्यांना आता. म्हणू दे काय म्हणायचं ते.

पोरीने कामाचं सांगितलं. नखाएवढ्या काचेवर पेशी ठेवायच्या आणि दिवस दिवस बघत बसायचं, कुठली वाढते, कुठली थांबते. मला शंभर गोष्टी विचारायच्या होत्या. विहिणीनेच विचारल्या सगळ्या, आणि त्याही चुकीच्या. काच फुटली तर भरून द्यावी लागते का, हे काय विचारणं झालं?

चार वाजता गाडी आली. बॅगा आधीच गाडीत होत्या. तिथूनच विमानतळ. मला कोणी सांगितलंच नव्हतं. म्हणजे सूनबाई म्हणते सांगितलं होतं, पण तेव्हा मी बोलत होते.

पोरीने मिठी मारली. कानात म्हणाली, आजी, रागावलीस का माझ्यावर? मी नाही म्हणून मान हलवली. पण मिठीत मान हललेली कळते का कोणाला?

गाडी कोपऱ्यावर वळली तेव्हा तोंडून गेलं, नीट जेवतेस ना ग? ते विहिणीने ऐकलं. म्हणाली, हो जेवली की, दोनदा वाढून घेतलं.

पुढच्या वर्षी नक्की येऊ म्हणाल्यात दोघी. चौदा मार्च. शनिवार आहे.