कापसाच्या खोलीतला चिकू

निवासी कन्या शाळा, कारंजा (घाडगे)
१२ जानेवारी २०२५

ती. बाबांस,
दीपमालाचा सविनय जयभीम, वि. वि.

फोन केला की तुम्ही नुसता हुंकार देता आणि फोन काजलवहिनींच्या हातात देता. लकव्यापासून बोलणं ओढल्यासारखं येतं, म्हणून तुम्हाला फोन नकोसा झालाय, हे कळतं मला. म्हणून हे पत्र. डाव्या हातानं लिहायचा सराव डॉक्टरांनी सांगितलाच आहे, तेव्हा उत्तर आलंच पाहिजे.

वहिनी सांगत होत्या की आपला काकाकुवा, चिकू, स्वतःच्याच छातीवरची पिसं उपटून टाकतोय. ऐकून वाईट वाटलं, पण घाबरू नका. मी प्राणिशास्त्र शिकले आहे. माझ्या मते पिसांत बारीक किडे झाले असावेत. कडुलिंबाचा पाला उकळून ते पाणी गार करावं आणि अंगावर हलकं शिंपडावं. टॉनिकची बाटली देवळीच्या एस.टी.त कंडक्टरकडे दिली आहे, अनुपदादाला स्टँडवर पाठवा. पिंजरा कापसाच्या खोलीतच असू द्या. तिथे शांत आहे, येणाऱ्याजाणाऱ्याचा त्रास नाही.

पुलगावची मंडळी घर पाहून खूश होऊन गेली, असा रत्नदीपचा फोन होता. त्याचं-माझं साक्षगंध मार्चमध्ये अंगठ्या घालून करू म्हणतात. तुम्ही तब्येत सांभाळा. आईला जयभीम.

तुमच्या मायेची हक्कदार,
दीपमाला


देवळी
२० जानेवारी

चि. दीपमालास,
जयभीम आन् पोटभर आशीर्वाद.

मास्तरीणबाई, तुह्यं पत्र भेटलं. अक्षर कोंबडीनं चिखलात पाय देल्ल्यावानी आलं आहे, हासू नको.

टॉनिक आलं. लिंबाचं पाणी अनुपनं मारलं तं चिकूनं त्याचं बोट फोडलं. मंग अनुपनं त्याले ज्या शिव्या देल्ल्या त्या मी लिवत नाई, तुह्या शाळेत पोरी आहेत. फरक काईच नाई. खाटकाच्या दुकानातल्या कोंबडीवानी छाती उघडी पडली. इतके दिवस कोणाले समजलंच नाई. भाव वाढीन म्हणून अनुपनं त्या खोलीत छतापावतर कापूस भरला आहे. पांढऱ्या कापसात पांढरं पीस कोणाले दिसते? तुह्या आईनं उशीत भराले मूठभर कापूस घेतला, तं हातात पिसंच पिसं.

तू लिवलं, तिथं शांत आहे. बाई, तो पिंजरा माह्या खाटेपाशी होता. पाहुणे आले त्या दिवशी तूच उचलून तिकडं नेला. काऊन नेला ते मले ठाऊक आहे. पुलगावच्या डेपोत होतो तवापासून ड्यूटीवर निंघताना मी त्याले मोठ्यानं जयभीम घालो, तो मले घाले. लकवा झाल्यावर माह्या तोंडातून जसा निंघते तसाच तो बी म्हणाले लागला, ओढून ओढून. पाहुण्यायसमोर बोलला असता तं हासले असते. मलेही तू आतल्या खोलीत निजवलं, आन् बाबाले ताप आहे म्हणून सांगतलं. भिंतीतून आयकू येते बाई.

मी रागावलो नाई. पिंजरा तिथंच राहू दे. मले बी त्याचं ते बोलणं आयकवत नाई. मले वाटते तो माही नक्कल करून राह्यला.

जिवाले जपजो.
तुहा बाबा, प्रेमदास


कारंजा (घाडगे)
२७ जानेवारी

ती. बाबांस,
सविनय जयभीम, वि. वि.

तुमचं पत्र वाचून मला आधी राग आला. मी लगेच दोन पानं उत्तर लिहिलं, की जे केलं ते तुमच्यासाठी, कुणी तुमच्याकडे बघून हसू नये म्हणून. मग ती पानं फाडली. बाबा, तसं असतं तर मी तुम्हाला विचारलं असतं. मी विचारलं नाही.

वहिनींनी पाठवलेले फोटो घेऊन इथल्या गुरांच्या दवाखान्यात गेले होते. डॉक्टर भले आहेत. म्हणाले, डोक्यावरची पिसं शाबूत आहेत आणि चोच पोहोचते तिथलीच गेली आहेत, म्हणजे हे पाखरू स्वतःच उपटतंय. आत काही आजार आहे का, हे हातात घेतल्याशिवाय सांगता येणार नाही, पण हे पक्षी एकटे पडले तरी असं करतात. मग त्यांनी विचारलं की पिंजरा कुठे आहे, उजेड किती येतो, पूर्वी त्याच्याशी कोण बोलायचं आणि जागा का बदलली. मी सांगितलं, घरात जागा नव्हती. बाबा, त्या अनोळखी माणसासमोरही मी खोटं बोलले. त्यांनी मान हलवली आणि कागदावर तसंच लिहून घेतलं.

इथे दर सोमवारी प्रार्थनेनंतर मी मुलींशी बोलते. आईबापाचं काम, त्यांची भाषा, आपलं घर, कशाचीही लाज बाळगायची नाही, असं सांगते. आज उभी राहिले आणि तोंडातून शब्द फुटेना. घसा बसलाय असं सांगून खाली बसले. तेही खोटंच.

वसतिगृहाची जबाबदारी माझ्याकडे आहे, पुढच्या महिनाअखेरपर्यंत सुट्टी नाही. कृपा करून चिकूला वर्ध्याला दाखवा. नुसते दाणे देऊ नका, मेथी-पालक द्या, आणि फाडायला मक्याच्या कणसाची सालं द्या. आणि त्याला त्या खोलीतून बाहेर काढा. टॉनिक आणि किडे हे सगळं माझं शहाणपण होतं.

रागवा, पण उत्तर द्या.
दीपमाला


देवळी
३ फेब्रुवारी

प्रिय ताई,
तुमच्या वहिनीचा जयभीम. घरी बाकी सगळे बरे.

परवा तानबाच्या ऑटोत पिंजरा मांडीवर घेऊन मी वर्ध्याले गेलती. बाबा आले नाईत. डॉक्टरनं सांगतलं, किडे नाईत. कापसाची धूळ नाकात गेली आहे, अंगही खाजते, आन् पाखरू दुःखात आहे. छातीवर जखम झाली. दाणे सोडले त्यानं. असंच चाललं तं जगत नाई, असं तोंडावर बोलले. औषध देल्लं, पण म्हणाले, ज्याच्या आवाजाची सवय आहे त्या माणसानं बोलावं त्याच्याशी.

घरी आल्यावर मी कोणाले न विचारता पिंजरा बाबांच्या खाटेपाशी ठेवला. बाबांले पाहून चिकूनं तुरा उभा केला आन् तसाच जयभीम घातला, ओढून ओढून. बाबांनी भिंतीकडं तोंड केलं. तो पुन्हा बोलला. तं बाबांनी चादर डोक्यावरून घेतली. मंग त्यानं चोच खाली घातली आन् एक कच्चं पीस उपटलं. खालच्या पेपरवर रगत सांडलं. आईंनी हळद लावली. ह्यांनी, म्हणजे तुमच्या दादानं, त्या खोलीतला सगळा कापूस विकाले काढला.

ताई, राग मानू नका. तुमी तिकडून औषधं सांगता आन् इकडं एक पाखरू आन् एक माणूस, दोघंही तोंड फिरवून बसले. बाबांले मी सांगून पाह्यलं तं म्हणाले, तू सयपाकाचं पाह्य.

तुमचीच,
काजल


कारंजा (घाडगे)
७ फेब्रुवारी

ती. बाबांस,
जयभीम.

वहिनींचं पत्र मिळालं. आज बाकी बातम्या नाहीत.

बाबा, चिकू नक्कल करत नाही. नक्कल म्हणजे काय, हे त्याला ठाऊक नाही. ते माणसाला ठाऊक असतं. तुमच्या तोंडून जे ऐकतो ते तो तुम्हाला परत देतो. पूर्वी तुमचा आवाज खणखणीत होता तेव्हा खणखणीत दिला, आता ओढून येतो तर ओढून देतो. दोन्ही आवाज त्याला तुमचेच वाटतात. त्यांतला एक नकोसा मला वाटला होता. म्हणून तो काळोखात बसला आणि तुम्ही भिंतीमागे. कापसानं त्याला आजारी केलं असेल, पण कापसात त्याला ठेवलं मी.

काल रत्नदीपला फोन करून खरं सांगितलं. ताप नव्हता, दिवाळीपासून बाबांना लकवा आहे आणि त्यांचं बोलणं पाहुण्यांना ऐकू येऊ नये म्हणून मी त्यांना आत ठेवलं. मग त्यानं एवढंच विचारलं की असं का केलं. मी म्हटलं, लाज वाटली. त्यानं बरं म्हणून फोन ठेवला. त्यानंतर त्याचा फोन नाही. मोडलं तर मोडलं, असं लिहायला हात धजत नाही, कारण मी काल रडले. पण खोटं तसंच ठेवून साक्षगंधाला तुमच्या शेजारी बसायचं, हे माझ्यानं होणार नाही.

माझ्याशी नाही बोललात तरी चालेल. त्याच्याशी बोला. तो दाणे खात नाही, बाबा.

दीपमाला


देवळी
२० फेब्रुवारी

चि. दीपमालास,
जयभीम.

चिकू जिता आहे. तुह्यं पत्र आलं त्या दिवशी घरची सगळी बाहीर गेलती. मी खाटेवर उठून बसलो आन् त्याच्याशी बोललो. काय बोललो ते तुले सांगणार नाई, सगळं मास्तरणीले सांगाचं नसते. तिसऱ्या दिवशी त्यानं मेथीचं पान फाडलं. आता खाते. जखम भरून राह्यली. पर डॉक्टर म्हणते, काई जागी पिसाचं मूळच मेलं, तिथं पुन्हा येणार नाई. तं तो असाच राहीन, अर्धा उघडा. येणारे जाणारे विचारतीन. विचारू दे.

इतवारी पोरगा आला, रत्नदीप. न सांगता, मोटारसायकलनं. मी अंगात बनियन आन् तोंडात घास घेऊन बसलो होतो. घरचे त्याले दुसऱ्या खोलीत नेऊ लागले तं तो म्हणे इथंच बसतो, आन् खाटेपाशी खुर्ची ओढली. मी त्याले चहात साखर चालते का म्हणून विचारलं. त्याले समजलं नाई. त्यानं पुन्हा विचारा म्हटलं. मी पुन्हा विचारलं. तरी नाई समजलं. पुन्हा विचारलं. समजलं तवा चहा थंड झालता, आन् साखर बी पडलीच होती. तो हासला. मी बी हासलो. लकव्यानंतर परक्या माणसासमोर मी पहिल्यांदा हासलो असीन. घंटाभर बसला. अर्धं त्याले समजलं नाई, पर समजल्यावानी मान हलवली नाई त्यानं. त्याची आई मंगळवारी फोनवर तुह्या आईशी बोलली. साक्षगंध आहे. तुह्यावर तिचा थोडा राग आहे, तो तू निस्तर.

मी समोर बसणार आहे. माणसायले दोन शब्द बोलणार आहे, बाप आहो म्हणून. येळ लागीन.

तं एक सांगून ठेवतो. दिवाळीपासून तू जितक्या खेपा घरी आली तितक्या खेपा मी तोंड उघडलं का माहं वाक्य तूच पुरं करो. तुले वाटे, मदत करून राह्यली. मले वाटे, तोंड दाबून राह्यली. मी बोललो नाई कवा, तुले वाईट वाटीन म्हणून. साक्षगंधाच्या दिवशी माणसं खोळंबली, कोणी उठून गेलं, तरी तू मधात बोलू नको. माहं मलेच संपवू देजो.

बाकी माया आहे तेवढीच आहे.
तुहा बाबा,
प्रेमदास