बोटीच्या इंजिनाचा शेवटचा स्टिकर

४ मे, रविवार
मुळा धरणावरच्या सूर्यभानदादांच्या बोटीचं जुनं इंजिन नगरला घरी आणलं. चाळीस वर्षांचं आहे, पण चालू. १८ तारखेला त्यांच्या नातीचं, संस्कृतीचं लग्न. नवरदेव पलीकडच्या काठावरून बोटीतून येणार. दादा म्हणाले, नुसता रंग मारा. कंपनीचं लाल नाव मूळच्यासारखं लावायचं, ही माझी कल्पना. तीन स्टिकर छापून घेतले. खरं तर एकच पुरला असता. पाटबंधारे खात्यात चौतीस वर्षं ड्राफ्ट्समन होतो, हात कापत नाही माझा.

८ मे
रंग झकास. तीन हात दिले, एक कोपरा सोडला नाही.
स्टिकर लावला. इंजिनाचं टोपण सगळीकडून गोल. मध्ये बसवला तर कडेला सुरकुत्या, कडा दाबल्या तर मध्ये डोंगर. बायको लीना म्हणाली, आधी साबणाचं पाणी मारा. तिला म्हटलं, हे इंजिनिअरिंग आहे. ती भाजी निवडायला गेली.
स्टिकरचा कागदच हलका होता.

१० मे, दुपारी ३
साबणाच्या पाण्याची कल्पना सुचली. माझी मलाच. दुसरा स्टिकर बसला, पण खाली बुडबुडे. टाचणीने फोडले. मग एक अक्षर फाटलं. मग मीच उरलेलं ओरबाडून काढलं.
नगरच्या उन्हात कुणालाच जमलं नसतं.

१३ मे
जेवण जात नाही. दादांचा फोन. झालं का साहेब, म्हणाले, पाव्हण्यांना सांगून बसलोय. फिनिशिंग चालू आहे म्हणालो. फोन ठेवल्यावर रडू आलं. ॲलर्जी असावी.

१७ मे, शनिवार, दुपारी १
चूक हाताची नव्हती, साडेसातीची होती! पहाटेच शिंगणापूरला जाऊन शनिदेवाला तेल वाहिलं. हात रुमालाला पुसले. घरी येऊन त्याच रुमालाने टोपण लख्ख पुसलं आणि शेवटचा स्टिकर लावला. एक सुरकुती नाही, एक बुडबुडा नाही! बोटाने ढकलावा तिकडे अलगद सरकतो. देव पावला.

सायंकाळी ५
अजून सरकतोय. वाळेल.

सायंकाळी ७
स्टिकर फरशीवर सापडला. लीनाने उचलला, वास घेतला, मग रुमालाचाही घेतला. रुमाल साबणाच्या पाण्यात भिजत टाकला. बोलली असती तर बरं झालं असतं.

१८ मे, रविवार
सकाळी सहाला दादा टेम्पो घेऊन आले. कोरं टोपण बघून मी खुलासा सुरू केला, तर म्हणाले, रंग लई भारी झालाय. मला वाटलं, सुटलो.
धरणावर इंजिन बोटीला लावलं. दादांनी दोरी ओढली. वीस वेळा ओढली. मग वाकून बघितलं. आत हवा जायची भोकं माझ्या रंगाने बुजली होती. चालू करून बघा असं मला कुणी सांगितलंच नव्हतं. पण ते कुणी सांगायला हवं होतं का? नाही. शी!
इंजिन उतरवून काठावर ठेवलं आणि वल्ही मारत गेलो. मीही मारली. मुहूर्त टळला. मांडवात संस्कृती दीड तास उभी होती म्हणे.
नवरदेवाने बोटीत बसताना विचारलं, इंजिन कुठंय? मी वल्हं उचललं.
सूर्यभानदादा म्हणाले, "रंगवायला दिलंय."