शुक्रवार पेठ, तिसरा मजला

मंगळवार, ४ फेब्रुवारी
ऑफिसात नवं काम आलं : पन्नास वर्षांची इमारत, स्लॅब तपासून रिपोर्ट द्यायचा. पत्ता परत एकदा वाचला — तिसऱ्या मजल्यावर सिद्धांत राहतो! माझा नवरा. वेगळं राहायला लागून दीड वर्ष झालं. ऑफिसात काही बोलले नाही.

गुरुवार, ६ फेब्रुवारी
दार त्यानंच उघडलं. "तू?" एवढंच.
हातोडीनं स्लॅब ठोकत गेले. भिंतीकडेला आवाज खणखणीत. कॉटच्या बरोबर वर — पोकळ! सळ्या गंजून फुगलेल्या. हात लावला तर ढलपाच सुटून आला.
"पडतंय रोज थोडंथोडं. चादर झटकायची न् झोपायचं."
"अक्कल हाय का तुला? डोक्यावर पडलं म्हंजे?"
तो हसला. "लई दिवसांनी ओरडलीस, चैताली."
सातव्या महिन्यात पोटातलं बाळ गेलं तेव्हा मी ओरडले नव्हते, रडलेही नव्हते. तोही रडला नाही. एक दिवस त्यानं बॅग भरली, मी अडवलं नाही.
कॉट तेवढी भिंतीकडे सरकवायला लावली.

शनिवार, ८ फेब्रुवारी
कानाजवळ केस पिकलेत त्याचे. मला माहीतच नव्हतं.

सोमवार, १० फेब्रुवारी
इमारतीचे मालक गुरुलिंग ऑफिसात येऊन बसले. "रिपोर्टात दुरुस्तीनं भागंल असं लिवा की, मॅडम."
मग सिद्धांतचा फोन. खोली गेली तर बँकेच्या मोहोळच्या शाखेत बदली मागणार. "हितं काय हाय आता माझं?"
मी हाय की! — ओठांवर आलं. "बरं," म्हणाले.
'दुरुस्ती' लिहिलं तर तो इथंच राहील. भाजी घेताना तरी दिसेल. हा विचार मी केला. खरंच केला.

मंगळवार, ११ फेब्रुवारी
लिहिलं : धोकादायक. तिसरा मजला तातडीने रिकामा करावा.
सही केली.

बुधवार, १९ फेब्रुवारी
गेला. जाताना फोन नाही, काही नाही. मुद्दाम पेठेतून घरी आले. त्याच्या खिडकीत दिवा नव्हता. असणार कसा? मीच विझवला.

रविवार, २ मार्च
सिद्धांतचा फोन. मोहोळात दोन खोल्यांचं घर बघितलंय.
"दोन कशाला?" मी विचारलं.
त्याला रडूच फुटलं — बाळ गेल्यानंतर पहिल्यांदा रडला. मीही.
"तू आल्यावर लागतील की."