हेल्मेट एकदाच वाचवतं

चारकोप, मंगळवार

ती. आये,

पाया पडते. मी बरी आहे, डबा वेळेवर खाते. तुझे गुडघे कसे आहेत?

नितेशने फोटो पाठवला. हेल्मेटला हळदकुंकू लावलंयस, वर झेंडूची माळ. उतारावर गाडी घसरली तेव्हा त्यानेच त्याचं डोकं वाचवलं, खरं आहे. पण आता तो तेच घालून रोज देवगडला जातो! फोन केला की हसतो, "ताई, लकी आहे ते," म्हणतो आणि ठेवून देतो. म्हणून या खोक्यात दुकानातलं नवीन हेल्मेट पाठवतेय. त्याला समोर बसवून हे पत्र वाच.

त्या जुन्या हेल्मेटच्या आतली गादी मीच इथे वर्कशॉपमध्ये बनवून त्याला दिली होती. तिच्यात एक द्रव आहे आणि केसाहून हजारो पटींनी बारीक कार्बनच्या नळ्या. मार बसला की द्रव नळ्यांत घुसतो आणि मार तिथेच जिरतो. पण आमचा द्रव परत बाहेर येत नाही गो. चार महिने झटतेय, येतच नाही. ती गादी आता संपली. बाहेरून मात्र तशीच दिसते.

हे मला माहीत होतं. तेव्हाच सांगायला हवं होतं. भावासमोर मिरवायची घाई झाली मला. आता फोन वाजला की हातातलं काम टाकून धावते.

आये, खरंच पाया पडते, ते काढून घे. देवापुढे ठेव, रोज फूल घाल. पण त्याच्या डोक्यावर नको.

तुझी अक्षता