फक्त दोन एकर गवत

२१ जून, रविवार
चर्चमध्ये प्रार्थनेनंतरच्या कॉफीला गुडरून आत्या सगळ्यांसमोर म्हणाली, अगं सोलवेग, रस्त्यावरून तुमचं शेत पाहिलं, वाटलं घर सोडून गेलात की काय! सगळ्या हसल्या. आत्याला चांगलं ठाऊक आहे की बाबांनी सरकारशी दहा वर्षांचा करार केलाय. चाळीस एकर नांगरायची नाही, पक्ष्यांसाठी आणि मातीसाठी गवत वाढू द्यायचं, त्याचे सरकार पैसे देतं. तरी लागलं. इथे रस्त्याकडेचं शेत विंचरलेलं नसलं की घराण्याचं नाव जातं.

संध्याकाळी
बाबा झोपले होते तेवढ्यात रस्त्याकडेचं गवत कापलं. फक्त दोन एकर. सुरेख दिसतंय.

२२ जून
करार काढून वाचला. मे ते जुलै गवताला हात लावायचा नाही, पक्षी अंड्यांवर असतात. मला माहीत होतं. काल आठवलं नाही इतकंच.
कापलेल्या पट्ट्यात फेझंट पक्ष्याचं घरटं सापडलं. अकरा अंडी, चार फुटलेली. उरलेली सात आमच्या खुडुक कोंबडीखाली ठेवली. म्हणजे नुकसान चारांचंच.
आईने मला घरीच शिकवलं, स्वयंपाकघरातल्या टेबलावर. आधी आपली चूक आपण सांगायची, मग पहिला धडा. उद्या आठला, करार जिथे झाला त्या काउंटी ऑफिसात जाऊन सांगणार. नक्की.

२३ जून
गेले. काउंटरवरच्या मार्डेलबाई म्हणाल्या, बोल गं बाई, काय हवंय? मी माती तपासायच्या पिशव्या मागितल्या. किती? म्हटलं, बारा.
यात खोटं काहीच नाही. माती तपासायलाच हवी.

२६ जून
गवत लवकर वाढावं म्हणून पट्ट्याला पाणी घातलं. बादलीने. बाबांनी विचारलं, हे काय चाललंय? म्हटलं, व्यायाम. म्हणाले, पोरी, व्यायामच करायचा तर गोठा झाडायचा राहिलाय.
गोठा झाडला. बरं वाटलं. प्रायश्चित्तासारखं.

१ जुलै
पट्ट्यातलं गवत घोट्यापर्यंत आलं. बाकीचं कमरेपर्यंत आहे. लांबून, डोळे जरा बारीक करून पाहिलं तर फरक कळत नाही.
कोंबडी अंड्यांवरून उठली ती परत बसलीच नाही. कोंबड्यांचा काही भरवसा नाही.

६ जुलै, सोमवार
काउंटी ऑफिसाचं पत्र आलं. गुरुवारी पाहणी. हे उत्तमच झालं. अधिकाऱ्याच्या तोंडावरच सांगेन, ऑफिसात उगाच इतरांचा खोळंबा नको. वाक्य पाठ केलंय: गवत मी कापलं, बाबांना माहीत नव्हतं.
जेवताना बाबा म्हणाले, करार रद्द झाला तर टेकडीवरची ती चाळीस एकर पुन्हा नांगरावी लागेल, आणि या वयात ते माझ्याने व्हायचं नाही. मग विचारलं, सोलवेग, तुला काही सांगायचंय का?
म्हटलं, मीठ द्या.
त्यांची झोप उडू नये म्हणून.

९ जुलै, गुरुवार
थॉर्सन नावाचे अधिकारी आले. पट्ट्यापाशी थांबले. हे कुणी कापलं?
वाक्य घशापर्यंत आलं होतं. नीट बोलता यावं म्हणून मी आधी श्वास घेतला. तेवढ्यात बाबा म्हणाले, मी. म्हातारपण हो, हल्ली तारखांचं भान राहत नाही.
बाबांना गेल्या तीस वर्षांतल्या प्रत्येक वासराची जन्मतारीख पाठ आहे.
थॉर्सन म्हणाले, आर्विडकाका, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती. नव्या शेतकऱ्यांना तुमचंच शेत दाखवायला आणायचो आम्ही. आता कसं आणणार? करार रद्द करत नाही, पण ताकीद लिहावी लागेल.
बाबांनी टोपी काढली आणि शाळेतल्या मुलासारखे उभे राहिले.
कागदावर साक्षीदार म्हणून घरातल्या कुणाची तरी सही हवी होती. बाबांनी पेन माझ्या हातात दिलं. माझ्याकडे पाहिलं नाही.
मी वरचा मजकूर दोनदा वाचला. त्यात शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती.
सही केली.